चिखल लावणारे काकाजी

आमच्या घरमालकांकडे गाय नाही, हे समजायला मला आठवडा लागला.

देवरीच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली होती. रोज सकाळी भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज यायचा. उभी राय बाई, हलू नोको, झालंच आता, पाय इकडं कर. मधूनच जीभ टाळूला लावून काढलेला च्यक् च्यक् आवाज. मी गोंदिया शहरातली. गायीशी माझा संबंध ती रस्त्यात आडवी बसली की स्कूटी वळवून नेण्यापुरता. खोलीला लागून गोठा आहे आणि मालकांनी तो माझ्यापासून लपवला, अशी माझी खात्री झाली. एका रविवारी मी तावातावानं भांडायला गेले. दार लोटलं तर आत गाय नव्हती. एक उंच, वाळका माणूस चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून पाटावर बसला होता. डाव्या हातात वीतभर लांबीचा लष्करी ट्रक, उजव्या हातात गुरांना टोचायची सुई. मान वर न करता ते म्हणाले, "बसा मॅडम. चाक लावून राहिलो. हे झालं का भांडू."

भांडण राहूनच गेलं. बदली होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिले. आता कोणी देवरीबद्दल विचारलं की जंगल, हायवे, भात सगळं बाजूला पडतं आणि मी काकाजींचंच सांगत सुटते.

काकाजी म्हणजे गुरांचे निवृत्त डॉक्टर. कागदोपत्री ते डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखालचे होते. पण चिचगडपासून पार छत्तीसगडच्या सीमेपर्यंतच्या जंगलगावांत ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी अडलेल्या म्हशी सोडवण्यात आणि बैलांच्या तोंडात हात घालण्यात काढली. निवृत्त झाल्यावर तीच पेटी उघडून ते प्लॅस्टिकच्या लष्करी गाड्या जोडायला बसले. सुईनं गोंद सोडायचे, जखमा शिवायच्या चिमट्यानं रणगाड्याचे दिवे बसवायचे. जोडताना गाडीशी बोलल्याशिवाय त्यांचा हात स्थिर राहत नसे. ट्रक असो की तोफ ओढणारी गाडी, सगळ्या त्यांच्या लेखी 'बाई'. आणि लष्करीच गाड्या का, असं विचारलं तर म्हणत, लढाईतल्या गाडीला धुवायला कोणाला वेळ नसतो.

या उत्तराचा अर्थ मला पुढं कळला. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी येतात आणि चौकटींना गाडीचे भाग लटकलेले असतात, काही बोटाएवढे, काही मोहरीएवढे. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची गाडी तयार होते. इथपर्यंत सगळ्यांनाच कौतुक. काकूसुद्धा म्हणायच्या, साजरी झाली, आता काचेत ठेवा. नेमकं तिथूनच काकाजींचं खरं काम सुरू व्हायचं. ते त्या साजऱ्या गाडीला घाण लावायला बसत.

लावणं म्हणजे फासणं नव्हे. आधी स्पंजच्या तुकड्यानं रंग उडाल्यासारखे टवके काढायचे, तेही जिथं शिपायाचा बूट लागेल तिथंच. मग पातळ तेलरंग सांध्यासांध्यांत सोडायचा, म्हणजे तिथं वर्षानुवर्षांचं ग्रीस साचल्यासारखं दिसतं. मग पावसाचे ओघळ. मग खडूच्या पुडीची धूळ. सगळ्यात शेवटी चिखल, आणि तो खरा, मातीचा. माती मलमलीतून गाळून, पांढऱ्या गोंदात कालवून, जुन्या टूथब्रशनं शिंतोडे उडवत. एकेका गाडीच्या घाणीला महिने लागत. "जोडाले कोनालेही जमते," ते म्हणत. "घाण लावाले अक्कल लागते."

आणि हे कोणाच्या घरात चालायचं? काकूंच्या. काकू म्हणजे पाच फूट उंचीची स्वच्छता. सकाळी अंगणात सडा, दुपारी चिंच लावून पितळी भांडी, संध्याकाळी पुन्हा अंगण. त्यांच्या ओट्यावर कुत्रं चढायच्या आधी पाय पुसतं, असं मी कॉलेजात सांगायचे आणि ते अर्धं खरं होतं. म्हणजे त्या घरात एक जण जन्मभर घाण काढत होता आणि दुसरा घाण लावत होता, आणि तरी दोघं एका ताटलीतले पोहे खायचे. तह एवढाच होता की मातीच्या बरण्यांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही.

बरण्या खूप होत्या. लोणच्याच्या जुन्या बरण्या, त्यात चिचगडच्या रस्त्याचा लाल मुरूम, भातखाचराची काळी चिकट माती, हायवेची पिठासारखी धूळ, बाघ नदीचा राखाडी गाळ. फक्त कचारगडची, म्हणजे गोंडांच्या देवस्थानाची, माती नव्हती. एकदा तिथल्या यात्रेहून आम्ही परत आलो तर काकाजींची पँट गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेली. मला वाटलं, झालं, आता नवी बरणी. पण ते बाहेर मोहाच्या झाडाखाली गेले आणि सगळी माती तिथंच झाडून आले. ज्या लोकांच्या गुरांना आपण आयुष्यभर हात लावला त्यांच्या देवाची माती गाडीला लावायची नाही, असं ते म्हणाले आणि जेवायला बसले.

बाकी कुठं त्यांना लाज नव्हती. लग्नात सगळे नवरदेवाकडे बघत, हे नवरदेवाच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे. बसस्टँडवर बस लागली की लोक दाराकडे धावत, हे बसच्या मागं जाऊन वाकत. "गाडी कोठून आली ते समोरून नाही, मांगून समजते," हे त्यांचं ब्रीदवाक्य. हायवेवरच्या ढाब्यापाशी ते एकदा रायपूरहून आलेल्या ट्रकखाली चमचा घेऊन शिरले. ड्रायव्हरला वाटलं डिझेलचोर. त्यानं पाय धरून बाहेर ओढलं आणि क्या देख रहे हो म्हणून दरडावलं. काकाजींनी शांतपणे चमचा पुढं केला आणि मिट्टी म्हणाले. ड्रायव्हरनं आधी चमच्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी डोक्याकडे बोट नेऊन फिरवलं, म्हणजे तो मारणार नाही. मग त्यानं आम्हाला चहा पाजला आणि स्वतःही खाली वाकून आपल्या ट्रकची घाण पहिल्यांदाच नीट पाहिली.

माती पाहून गाडीचं गाव ओळखतो, अशी त्यांची बढाई होती आणि ती नेहमीच खरी ठरायची असं नाही. कॉलेजच्या प्राचार्यांची जीप आली तेव्हा त्यांनी छातीठोकपणे चिचगड सांगितलं. प्राचार्य शेजारच्या गल्लीतून आले होते. तिथं नळाची पाइपलाइन खोदली होती आणि भरायला मुरूम चिचगडकडचा आणला होता. म्हणजे मीच बरोबर, असं म्हणत काकाजी दिवसभर मिरवले.

काकाजींच्या स्वतःच्या स्कूटरला पाणी वर्षातून एकदाच लागायचं, दसऱ्याला. बाकी वर्षभर ती त्यांची अभ्यासाची वस्तू होती. दसऱ्याला मात्र काकू ऐकायच्या नाहीत. त्या दिवशी घरातली हत्यारं आणि वाहनं धुऊन पुजायची असतात, आणि धुऊन म्हणजे काकूंच्या अर्थानं धुऊन. कोयता, विळा, भाजी चिरायची पावशी, गुरांची सुई, स्कूटर, माझी स्कूटी, सगळं ओट्यावर ओळीनं चमकत असायचं. काकाजी परसात जाऊन पाठ करून बसत.

हे सगळं ऐकून ते आनंदी विक्षिप्त होते असं वाटेल. होतेही. पण एक गोष्ट त्यांना लागायची. गावात त्यांच्या कामाला 'खेळणं' म्हणत. चहाच्या टपरीवर जुने सहकारी विचारत, का डॉक्टर, झालं का खेळणं? काकाजी हसत. घरी येऊन मात्र ते गाड्यांवर कापड टाकून ठेवत आणि तो दिवस तसाच जाऊ देत. त्यामुळे नागपूरला असल्या मॉडेल बनवणाऱ्यांचं प्रदर्शन आहे आणि कोणीही गाडी घेऊन येऊ शकतं, असं मी मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"बक्षीस नाई पायजे, मॅडम," ते म्हणाले. "ज्याले समजते अशा एका मानसानं वाकून मांगून पाहावं. एक डाव. बस."

न्यायची गाडीही ठरलेली होती. काकूंचे थोरले भाऊ फौजेत होते, रणगाडा चालवायचे. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या नद्यांच्या मुलखात त्यांची गाडी होती हलकी, पाण्यावर तरंगणारी. सुट्टीवर गावी आले की ते सांगायचे, आमचा टँक नदीत उतरतो आणि नावेसारखा पलीकडे जातो. गावानं त्यांना गप्पीदास नाव ठेवलं. एवढं लोखंड तरंगतं म्हणे! माणूस पुढं आजारानं गेला, नाव मात्र गावात राहिलं. काकू याबद्दल बोलत नसत, पण माहेरच्या लग्नांना जायचं त्यांनी हळूहळू बंद केलं होतं.

त्या रणगाड्याचं किट काकाजींनी कुठून कुठून शोधून मागवलं. खालचा भाग जोडून झाला तेव्हा त्यांनी सगळी भोकं गोंदानं बुजवली, ओट्यावर परातीत पाणी घेतलं आणि काकूंना हाक मारली. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या. काकाजींनी गाडी पाण्यात सोडली. ती जराशी तिरपी झाली, सावरली आणि तरंगत राहिली. काकू खूप वेळ बघत होत्या.

"म्हंजे दादा खरं बोलत होता," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुपारी त्यांच्या माहेरच्या गावची एक बाई सहज भेटायला आली. काकूंनी तिला परातीपुढं उभं केलं आणि ती हो बाई तरंगते म्हणेपर्यंत चहा टाकला नाही.

पुढचे कित्येक महिने काकाजी त्या एका गाडीत बुडाले होते. बंगालचा गाळ कोणी पाहिला होता? त्यांनी बाघ नदीच्या गाळात काकूंच्या चुलीची राख मिसळून मिसळून एक रंग धरला. खाली ओला गडद चिखल, वर वाळून पांढुरका पडलेला, पाणी जिथवर चढलं तिथं बारीकशी रेघ. मी हे सगळं पाहून पाहून सरावले होते, तरी ती गाडी पाहिली की नदीतून आत्ता वर आली असं वाटायचं. एक दिवस त्यांनी मला भिंग दिलं आणि चालकाच्या झाकणाजवळ बघायला सांगितलं. तिथल्या चिखलात बुटांचे दोन ठसे होते, तांदळाच्या दाण्याएवढे. कोणीतरी नुकताच आत उतरला असावा तसे.

"दादाचे पाय होय," ते हळूच म्हणाले. "तिले आता सांगू नोका. नागपूरहून आल्यावर दाखवीन."

आता काम एकच उरलं होतं. हा सगळा चिखल नुसता बसवलेला होता. त्यावर शेवटी वॉर्निशचा फवारा मारला की तो पक्का होतो. पण हवेत दमटपणा असेल तर वॉर्निश पांढरं पडतं आणि सगळं काम वाया जातं, म्हणून ते पावसाळा पुरता सरायची वाट बघत होते. दसरा झाला की कोरडं ऊन पडेल, मग फवारा, आणि लगेच येणाऱ्या रविवारी नागपूर.

दसऱ्याच्या सकाळी मी आणि काकाजी झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेलो. काकाजी त्या दिवशी विलक्षण खुशीत होते. फुलवालीच्या हातगाडीच्या चाकाचंसुद्धा त्यांनी कौतुक केलं. घरी आलो. ओट्यावर नेहमीसारखी ओळ मांडलेली होती. कोयता, विळा, पावशी, सुई. स्कूटर, माझी स्कूटी. आणि दोन्ही स्कूटरांच्या मधे, पाटावर, स्वच्छ पुसलेला, हिरवागार रणगाडा. वर हळदीकुंकवाचं एक मोठं बोट. वर अक्षता. गळ्यात, म्हणजे तोफेच्या नळीत, झेंडूची एवढुशी माळ.

माझ्या हातातली फुलं खाली पडली असं लिहिलं असतं, पण पडली नाहीत. मी ती इतकी घट्ट धरली होती की चुरगळली.

काकू पदरानं कपाळ पुसत बाहेर आल्या. त्या दिवशी त्या किती खूश होत्या, ते मी कधीही विसरणार नाही. इतकी वर्षं त्यांनी काकाजींच्या एकाही गाडीला ओट्यावर जागा दिली नव्हती. खेळण्याची पूजा करतात का? ही पहिली.

"तुमी गेल्यापासून घासून राहिली मी," त्या म्हणाल्या. "कोठं कोठं माती भरली होती, बापा! दाताच्या ब्रशनं काढली. वर्षभर लावा तुमी, मी काही म्हनते का? पन दसऱ्याले गाडी घान ठेवत नाही. अन् नागपूरले नेता म्हनता, लोक का म्हनतीन, घरात बाई आहे का नाही? दादाची गाडी होय ते."

मी तोंड उघडलं. काकाजींनी माझ्याकडे न बघता हात वर केला, शिकवताना पोरांना गप्प करायला मी करते तसा. ते ओट्याच्या पायरीवर बसले. रणगाड्याकडे बघत राहिले. धूळ गेली होती, चिखल गेला होता, पाण्याची रेघ गेली होती, ओघळ गेले होते. चालकाच्या झाकणाजवळ काही नव्हतं. फक्त सांध्यांतला तेलरंग आणि बुटांनी उडालेले टवके तेवढे शाबूत होते, कारण ते मातीचे नव्हते, रंगाचे होते.

"साजरी निघाली," काकाजी म्हणाले.

त्यांनी पूजा केली. नारळ फोडला. संध्याकाळी सोनं वाटायला घरोघर गेले, सगळ्यांशी हसून बोलले. मला मात्र जेवण गेलं नाही. मला काकूंचा राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती, आणि दोन्ही सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती. मी सकाळीच त्यांच्या खोलीत गेले. बाघ नदीची बरणी उघडी होती, राख शेजारी होती, वाटीत चिखल कालवलेला होता. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, रविवारपर्यंत वेळ आहे, सगळं नाही तरी निम्मं होईल, मी माती गाळून देते, सुट्टी टाकते. काकाजींनी ब्रश चिखलात बुडवला. गाडी हातात घेतली. उभी राय बाई, म्हणाले. मग थांबले.

चिखल लावायचा तर आधी कुंकू पुसावं लागणार होतं. नदीतून वर आलेल्या गाडीवर कोरडं ठसठशीत कुंकू राहत नाही, हे मलासुद्धा कळत होतं. मी पाण्यात बुडवलेला कापूस पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"ते पाय मी बनवले होते, मॅडम," ते म्हणाले. "हे बोट खरं होय."

मी त्यांना आठवण करून दिली की जाणकार माणसानं एकदा वाकून पाहावं म्हणून त्यांनी किती महिने घातले. अशी धुतलेली गाडी नेली तर तिथले लोक दुकानातून आणलेलं खेळणं समजतील, हेही मी बोलून गेले. तो शब्द मी वापरायला नको होता, पण वापरला. त्यांनी मान हलवली, म्हणजे समजतील हे त्यांना मान्य होतं. मग ते उठले, गाडी अंगणात उन्हात नेली, वॉर्निशचा डबा हलवला आणि चिखलासाठी राखून ठेवलेला तो फवारा त्यांनी कुंकवावर मारला. एकदा, मग वाळू देऊन पुन्हा. अक्षतांचा एक दाणा बुरुजाच्या कडेला चिकटला होता, तोही तसाच पक्का झाला. हवा कोरडी होती. वॉर्निश अजिबात पांढरं पडलं नाही.

नागपूरला आम्ही तिघं गेलो. काकू येणार असं कोणीच ठरवलं नव्हतं, पण निघायच्या वेळी त्या नवं लुगडं नेसून, डब्याची पिशवी घेऊन दारात तयार होत्या. दादाची गाडी चालली आणि मी घरी राहू का, असं त्यांचं म्हणणं. बसमध्ये खोकं माझ्या मांडीवर होतं. काकाजी साऱ्या वाटेत पुढच्या ट्रकांची मागची बाजू बघत होते.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. लांब टेबलांवर गाड्याच गाड्या. गंजलेल्या, चिखलानं माखलेल्या, जळालेल्या, वाळवंटात धूळ खाल्लेल्या. मी तोवर काकाजींच्याच गाड्या पाहिल्या होत्या. इतके लोक हे करतात हे पाहूनच मी थक्क झाले, आणि काकाजींचे डोळे तर तिथं पोचल्यावर पहिल्यांदा लखलखले. ते एकेका गाडीमागं वाकत होते. काकू त्यांच्या मागून हळहळत चालल्या होत्या.

"पाहून राहिली ना पोरी?" त्या मला म्हणाल्या. "साऱ्याच्या गाड्या घान. कोनाच्या घरी कोनी नाही का? आपलीच तेवढी धुतलेली."

हे त्या दबक्या आवाजात म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

परीक्षक तरुण होता, हातात भिंग, बोलायला नम्र. आमच्या टेबलाशी आला तेव्हा काकाजी हात मागं बांधून उभे राहिले. त्या माणसानं गाडी समोरून पाहिली, बाजूनं पाहिली. मग तो टेबलाला वळसा घालून मागं गेला, गुडघे वाकवले आणि मागून पाहायला लागला. खूप वेळ पाहत होता. मी तर देवाचं नाव घेत होते, आणि मी देवाचं नाव परीक्षेच्या निकालालासुद्धा घेत नाही.

तो उठला आणि म्हणाला की सांध्यांतलं काम त्यानं इतकं चांगलं क्वचितच पाहिलंय, आणि टवके तर अगदी जिथं हवेत तिथंच आहेत. पण नदीत चालणारा रणगाडा इतका स्वच्छ कसा, हे त्याला समजत नव्हतं.

"दसरा होता," काकाजी म्हणाले.

परीक्षक हसला. मग त्यानं भिंग बुरुजाच्या कडेला नेलं आणि हा ओंडका इथं कशाला असं विचारलं. काकाजींनी सांगितलं की तो तांदूळ आहे. आसपासची माणसं जमायला लागली होती. परीक्षकानं भिंग वर सरकवलं.

"काका, कुंकवाची कल्पना चांगली आहे," तो समजावत म्हणाला. "फौजेत दसऱ्याला गाड्या पुजतात, ते खरंच. पण माप चुकलं. पस्तीस पट करून बघा. एवढं बोट उमटवायला बाई पावणेदोनशे फूट उंच लागेल."

काही लोक हसले. काकाजी खाली वाकले, त्या बोटाकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं आणि सरळ उभे राहिले. आता त्यांना कोणाला काही पटवून द्यायचं नव्हतं, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

"बरोबर आहे साहेब," ते म्हणाले. "तेवढीच आहे ते. पाहा, तेथं उभी."

सगळा हॉल वळला. टेबलाच्या टोकाशी काकू उभ्या होत्या, डब्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आपल्या गाडीला कोणी हात लावत नाही ना यावर नजर ठेवून. एवढी माणसं आपल्याकडे का बघून राहिली, हे त्यांना समजेना. त्यांनी पदर सारखा केला आणि मान ताठ केली. परीक्षकानं भिंग खिशात टाकलं.

माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, कोण हो हे? "माझे घरमालक," मी म्हटलं, "आणि त्या मालकीणबाई," आणि ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या टेबलावरच्या लोकांनीही वळून पाहिलं.